धारोष्ण

३ मार्च, मंगळवार

पुन्हा फाटला!

पट्ट्या निम्म्यावर येतात न येतात तोच बेटांच्या कडा करवतीसारख्या झाल्या आणि पाण्यावरचा पापुद्रा मधोमध उसवला. रडतराव शेजारीच उभे. म्हणाले, “साहेब, पाण्यावरची रेघ ती. तिच्यावर किती जीव लावायचा?” रडतराव हे माझे सहकारी. बढती मिळाली त्या दिवशीही चेहरा पाडून बसले होते, तेव्हापासून सगळी प्रयोगशाळा त्यांना रडतराव म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे. त्याबद्दलही ते रडतात.

कधी कधी वाटतं, काय हे आपलं काम! दुधातल्या स्निग्धाचा एकेक थेंब इतका बारीक, की त्याच्याभोवतीचा पापुद्रा सोलून बघता येत नाही. म्हणून तोच पापुद्रा आपण नव्याने बनवायचा. त्यातले पदार्थ मोजून घ्यायचे आणि ट्रफ नावाच्या उथळ तबकातल्या पाण्यावर सुईने थेंब थेंब सोडायचे. एका रेणूएवढ्या जाडीचं अंथरूण पसरतं. मग दोन्ही कडांच्या पट्ट्या हलकेच आत सरकवायच्या आणि वरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. रंगाने चमकणारा समुद्र, त्यात रंग न शिरलेली काळी बेटं. आईच्या दुधातल्या थेंबावरची बेटं गोल असतात, असं जुनी छायाचित्रं सांगतात. माझी काटेरी निघतात. आणि फाटतात. बाळांच्या पावडरीतल्या थेंबांना आईच्या दुधासारखा पापुद्रा द्यायचा, हे मोठ्या मॅडमचं स्वप्न. ते माझ्या ट्रफमध्ये अडकून बसलं आहे.

घरी आलो. सूनबाई अजून इस्पितळातून परतली नव्हती. चिमणी अजून काचेच्या पेटीत. दीड महिना आधी आली आमची नात — घरात ही घाई कुणाची उचलली, कळत नाही. माझी तर नाही. वजन मुंगीच्या पावलांनी चाललं आहे.

५ मार्च, गुरुवार

आज मीही गेलो इस्पितळात. दुपारच्या पाळीला दोघांनाच आत सोडतात. सूनबाई आणि अक्का आधीच आत होत्या — अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. सिस्टरने मला नातेवाईकांच्या खुर्चीवर दाराशी बसू दिलं. काचेतून सगळं दिसत होतं, आणि दार उघडं, म्हणून ऐकूही येत होतं.

चिमणीच्या नाकातून केसासारखी बारीक नळी पोटात गेली आहे. सूनबाई पंपाने दूध काढते, ते वॉर्डच्या फ्रिजमध्ये जातं, वेळ झाली की कोमट करून सिरिंजमध्ये भरतात, सिरिंज यंत्रावर आडवी ठेवतात आणि यंत्र ती हळूहळू दाबत राहतं. ते संपलं तेव्हा सूनबाईने सिरिंज उचलून उजेडात धरली. आत भिंतीला पिवळसर तुपट कडं चिकटलेलं. तेवढंच. खालून गेलं ते निळसर पांढरं.

अक्का बोलल्या. अक्का बोलायच्या राहतील कशा? “पाणीच गं हे. आमच्या वेळी बोट बुडवलं तर बोट दिसायचं नाही.”

सूनबाईने सिरिंज खाली ठेवली. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, “बाबा, माझ्याकडे काही नाही.”

आणि मी — दुधावर ज्याचं पोट, दुधातच ज्याचे केस पिकले, तो मी — खाली मान घालून फरशा बघत बसलो. सासऱ्याने सुनेशी तिच्या दुधाबद्दल काय बोलावं? जीभ टाळ्याला चिकटली.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, “अहो, इतकी वर्षं उठता-बसता दूध, दूध करता, आणि पोरीला एक वाक्य बोलता येईना?”

“अगं, ते म्हशीचं!”

“म्हैस लाजत नाही म्हणून वाटतं!”

६ मार्च, शुक्रवार

सकाळी देवापुढे डोळे मिटले. दरवेळी सगळ्यांचं भलं मागतो. आज फक्त वजन मागितलं. ग्रॅममध्ये.

८ मार्च, रविवार

मुलगा माझ्या खोलीत येऊन बसला. बराच वेळ पंख्याकडे बघत होता. लहानपणी मार्क कमी पडले की असाच बघायचा. मग म्हणाला, “बाबा, ती पुढच्या सोमवारी पंप परत करणार आहे. म्हणते, पावडर देऊ. डॉक्टर म्हणाले, तसंही चालेल.”

“मग?”

“मग काही नाही. रात्रंदिवस पंप लावून बसते, बाटलीत जमतं, फ्रिजमध्ये ठेवते आणि रडते. म्हणते, नुसतं पाणी उपसतेय मी. तुम्ही बोला ना काहीतरी. तुमचं ऐकेल ती.”

मी बोलतो म्हणालो. काय बोलणार, ते मलाच ठाऊक नव्हतं.

पावडर वाईट, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पावडर चांगली व्हावी म्हणूनच तर माझं आयुष्य चाललं आहे. कितीतरी लेकरं तिच्यावर गुटगुटीत झाली. सूनबाई थकली म्हणून थांबली असती तर मी स्वतः पंप परत करून आलो असतो. पण ती थकून थांबत नाही. ती लाजून थांबते आहे. आपल्या अंगात काही नाही, असं मनाशी धरून थांबते आहे. ते मनातलं मग पोरीच्या वजनाबरोबर वाढत जाईल. ते पावडरने भरून निघत नाही.

देवा, वाक्य सुचव. एकच.

१० मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

कामावरून परस्पर इस्पितळात गेलो. सूनबाई पंपाच्या खोलीतून बाहेर येत होती. एका हातात पिशवी, खांद्यावरून टॉवेल घसरतोय, दुसऱ्या हातात बाटली. “बाबा, धरा जरा,” म्हणाली आणि बाटली माझ्या हातात देऊन टॉवेल सावरायला लागली.

बाटली गरम होती!

गरम म्हणजे चटका नव्हे. अंगासारखी. जिवंत. मी तसाच धरून उभा. ती “द्या” म्हणाली तरी भान नाही. इतक्या वर्षांत कामाच्या जागी हातात घेतलेलं एकही दूध असं नव्हतं. आमच्याकडे दूध येतं ते टँकरमधून, थंडगार. नमुना काढायचा तो थंड, ठेवायचा थंड, तपासायचा थंड. त्याहून आधी ते कसं होतं, याचा विचार दुधाच्या धंद्यातला माणूस करतच नाही. त्याच्या लेखी दूध टाकीतच जन्माला येतं.

आणि मग तो शब्द वर आला. कितीतरी वर्षांनी. धारोष्ण.

गावी शाळेत जायच्या आधी बाप गोठ्यात बोलवायचा. बादलीतला फेस बाजूला सारून वाटी भरायचा आणि म्हणायचा, “पी. धारोष्ण आहे. थोड्या वेळाने ते वेगळं दूध होईल.” वेगळं दूध होईल! गाढवासारखा ते विसरून मी शहाणा झालो.

आमच्या ट्रफमधलं पाणी वीस अंशांवर असतं. का? खोली वीस अंशांवर असते म्हणून. आधीचे सगळे वीसवर करायचे म्हणून. आईच्या दुधाचा पापुद्रा कसा असतो, हा प्रश्न आम्ही इतकी वर्षं फ्रिजला विचारत बसलो. फ्रिज काय सांगणार? फ्रिज फ्रिजचंच सांगणार!

११ मार्च, बुधवार

“सदतीस अंश?” रडतराव म्हणाले. “पाणी तापवलं की वाफ. वाफ आली की भिंग आंधळं. म्हणून तर कुणी करत नाही. आपल्या आधीचे काय मूर्ख होते?”

मूर्ख नव्हते. भिंग खरंच आंधळं झालं. दिवसभर पुसत होतो. एकदा पुसताना बोट पाण्याला लागलं — बोटाचं तेल पाण्यावर पसरलं, सगळं पाणी फेकून ट्रफ पुन्हा धुवावा लागला. पाण्याला सगळं कळतं. गावच्या शाळेत गुरुजींनी एकदा अंगणातल्या डबक्यात दिव्यातल्या तेलाचा एक थेंब टाकून दाखवला होता. सगळं डबकं रंगीत! म्हणाले होते, “एवढ्याशा थेंबाचं मन बघा केवढं.” मी त्या डबक्यापासून अजून फार लांब आलेलो नाही.

संध्याकाळी निघताना रडतराव कोट चढवत म्हणाले, “सर्दी झाली की नाकाला शेक देतात. भिंगालाच शेक द्या.” म्हणाले रडत, पण बोलले सोन्यासारखं.

१२ मार्च, गुरुवार

भिंगाभोवती रबराची बारीक नळी गुंडाळली, तिच्यातून गरम पाणी फिरवलं. वाफ बसायची थांबली. मोठ्या मॅडम दारातून डोकावल्या. “हे काय, भिंगाला मफलर?” म्हणाल्या आणि हसत गेल्या. नाही म्हणाल्या नाहीत, तेवढं पुरे.

१३ मार्च, शुक्रवार

पाण्याकडे बघून मनात देवाचं नाव घेतलं, नेहमी घेतो तसं. कुणाला दिसत नाही. थेंब सोडले. पट्ट्या सरकू लागल्या. निम्म्यावर आल्या. निम्म्याच्या पुढे गेल्या.

गोल!

बेटं गोल. काठ मऊ. एकमेकांच्या जवळ यायची, जरा थबकायची आणि बाजूने निघून जायची, गर्दीत भल्या माणसांनी एकमेकांना वाट द्यावी तशी. पापुद्रा फाटला नाही. “देवा!” असं मोठ्याने ओरडलो. शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, “काय फुटलं?” रडतराव म्हणाले, “काही नाही. आज फुटलं नाही, म्हणूनच ओरडले.” आणि हसले. इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मग तेच पाणी हळूहळू गार करत गेलो. बेटं फुगली, कडा ताठ झाल्या, काटे फुटले, आणि अखेर पापुद्रा उसवला. परत तापवलं. बेटं पुन्हा गोलसर झाली, पण उसवलेलं उसवलेलंच राहिलं.

बाप म्हणाला होता तेच. वेगळं दूध झालं.

पण हा झाला माझा पापुद्रा, हाताने बनवलेला. खऱ्या थेंबावर हे असंच घडतं का? त्यासाठी आईचं दूध हवं, आणि तेही एकदाही गार न झालेलं. रडतराव म्हणाले, “मग काय, घरातच आहे की!”

सांगायला काय जातं!

१४ मार्च, शनिवार

जेवताना विचारायचं ठरवलं होतं. “सूनबाई,” म्हणालो. तिने वर बघितलं. मी मीठ मागितलं. थोड्या वेळाने पुन्हा “सूनबाई.” पुन्हा मीठ. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मुलाने मिठाची बरणीच उचलून माझ्यापुढे ठेवली.

झोपायच्या आधी ही म्हणाली, “काय अडलंय?” सगळं सांगितलं, गोल बेटांपासून काट्यांपर्यंत. ऐकून घेतलं आणि दिवा मालवत म्हणाली, “एवढं मीठ खाऊन रक्तदाब वाढवण्यापेक्षा मला सांगायचं होतं.”

१६ मार्च, सोमवार

सकाळी बूट घालत होतो. दाराशी डब्याच्या पिशवीशेजारी छोटा थर्मास. मी उचलला तेवढ्यात सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबा, त्यात चहा नाही. पिऊ नका.”

मीही तिच्याकडे बघितलं नाही. दोघेही पायपुसण्याकडे बघत होतो. मग जीभ सुटली एकदाची. “पंप आज परत करू नकोस. संध्याकाळपर्यंत थांब.”

“बरं,” म्हणाली.

बसमध्ये थर्मास कोटाच्या आत धरून बसलो. शेजारच्या बाईने दोनदा बघितलं. मांजराचं पिल्लू आहे, असं वाटलं असावं.

काचपट्टी आधीच तापवून ठेवली होती. एक थेंब, चमकणारा रंग, भिंगाला शेक. बघितलं.

रडतरावांना उठून जागा दिली. त्यांनीही बघितलं. आणि दुसरा थेंब स्वतःच लावला.

थेंबच थेंब! दाटीवाटीने. प्रत्येकाभोवती अखंड उजळ पापुद्रा, आणि त्यावर छोटी गोल काळी बेटं संथपणे सरकणारी. ट्रफमध्ये शुक्रवारी दिसली तशीच, अगदी तशीच. स्निग्धाचं प्रमाणही मोजलं. भरपूर आहे. सरासरीच्या वरचंच.

मग तेच दूध थोडं फ्रिजमध्ये ठेवलं, दुपारनंतर काढून कोमट केलं. बेटं काटेरी. पापुद्रे जागोजागी उसवलेले, आतलं स्निग्ध बाहेर ओघळून एकमेकांना चिकटलेलं. वॉर्डातल्यासारख्या सिरिंजमध्ये भरून ती आडवी ठेवली. भिंतीला तेच पिवळं कडं धरलं.

दूध पातळ नव्हतंच. वाटेत लुटलं जात होतं.

रडतराव म्हणाले, “एका बाईचं, एका दिवसाचं. एवढ्यावरून लगेच पुस्तक लिहू नका.” खरं आहे. जगासाठी अजून पुष्कळ बायकांचं, पुष्कळ दिवसांचं बघावं लागेल. पण मला आज जगाला काही सांगायचं नाही. एकीलाच सांगायचं आहे.

१७ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी सांगायचं धाडस झालं नाही, नुसतं “उद्या दाखवतो” म्हणालो. पंप राहिला.

आज इस्पितळाच्या बाकावर बसून छायाचित्र तिच्या हातात दिलं. मोठं करून आणलं होतं.

“हे काय, बाबा? चंद्र आहेत का?”

“हे तुझं,” म्हणालो.

तिला कळलं नाही. मग बोललो. थर्मासपासून फ्रिजपर्यंत, गोल बेटांपासून सिरिंजमधल्या कड्यापर्यंत, सगळं. एकदा बोलायला लागल्यावर लाज कुठे गेली, कळलंही नाही. शेवटी म्हणालो, “मी आयुष्यात पुष्कळ दुधं पाहिली, पोरी. असं पाहिलं नाही. हे पाणी नाही.”

ती छायाचित्राकडे बघत राहिली. एकेका थेंबावरून बोट फिरवत होती. मागून अक्का डोकावल्या. “मला तर नुसती बटणं दिसतात,” म्हणाल्या.

“तुम्हाला बटणं दिसू देत, मावशी,” सूनबाई म्हणाली. हळू आवाजात, पण म्हणाली! लग्न होऊन आल्यापासून अक्कांना हे पहिलं उत्तर.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. सूनबाईला म्हणाल्या, “तुम्ही इथे असाल तेव्हा काढल्याकाढल्या ताजंच देऊ या. सिरिंज उभी ठेवू, तोंड वर, म्हणजे वरचं स्निग्ध आधी जाईल. आम्हाला शिकवलेलं असतं हे, गर्दीत राहून जातं.” मग मला म्हणाल्या, “वजनाचं वचन मात्र देत नाही हं. लहान बाळं आपल्या मर्जीची असतात.”

वचन कुणी मागितलं? मी मागतो ते दुसरीकडे.

निघताना पलीकडच्या पेटीतल्या बाळाकडे लक्ष गेलं. चिमणीहून थोडंसंच मोठं. त्याची आई खालच्या मजल्यावर तापाने पडून आहे, असं सिस्टर म्हणाली. बाप बिचारा काचेला कपाळ लावून उभा होता. जाताना देवापाशी त्या पोराचंही नाव मनात घेतलं. नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं “तो” म्हणालो. चालतं वर.

२० मार्च, शुक्रवार

सूनबाई दिवसभर इस्पितळातच असते आता. पंपाची खोली आणि पेटी, पेटी आणि पंपाची खोली. सिरिंजला कडं धरत नाही म्हणाली. अगदी थोडं, असून नसल्यासारखं.

वजन? आहे तिथेच.

२२ मार्च, रविवार

आहे तिथेच. अक्का काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मनात शंका. मी पोरीला भलतीच आशा लावली का? पापुद्रा पाण्यावर टिकला म्हणून पोटात टिकेल कशावरून? प्रार्थनेत आज काहीच मागितलं नाही. नुसता बसलो. कधी कधी तेही पोहोचतं.

२४ मार्च, मंगळवार

काटा हलला! काल हलला होता, पण सिस्टर म्हणाली, एका दिवसाचं धरू नका. आज पुन्हा हलला. मुलाने कामावर फोन करून सांगितलं. पुढे बोलता येईना त्याला, मलाही येईना, दोघेही फोन कानाला लावून नुसतेच उभे. अखेर रडतरावांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, “ऐकलं बरं का! साहेब रडताहेत, म्हणजे माझं काम त्यांच्याकडे गेलं.”

दुधानेच झालं की चिमणीच्या मर्जीने, हे मी सांगू शकत नाही. सांगणारही नाही.

मोठ्या मॅडमनी दोन्ही छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली, ट्रफमधलं आणि सूनबाईचं. मग फक्त विचारलं, “वीस अंश कुणी ठरवलं होतं?” कुणालाच सांगता आलं नाही. पुढचं सगळं काम सदतीसवर. रडतरावांनी तापमानाच्या बटणाखाली चिठ्ठी डकवली आहे, जाड अक्षरात — धारोष्ण.

२७ मार्च, शुक्रवार

चिमणीने आज माझं बोट धरलं. सोडेना. बस चुकली. चुकू दे.

२९ मार्च, रविवार

पलीकडच्या पेटीतल्या बाळाच्या आईचा ताप उतरत नाही. त्याला दुसऱ्या आईचं दूध मिळालं तर बरं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि आज सूनबाईला विचारलं. मला वाटलं, घरी विचारून सांगते म्हणेल. “घ्या ना,” म्हणाली. “माझ्याकडे पुष्कळ आहे.”

बाटली पेटीपर्यंत अक्कांनी नेली. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून — गार होऊ नये म्हणून.